इटालियन 'कोंज्युन्तीवो प्रेझेन्ते': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन शिकणारी मराठी मंडळी मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात ते कोंज्युन्तीवोबद्दल. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. 'आब्ब्या', 'फाच्चा' अशा शब्दांतलं द्वित्त दाबून म्हणा, इटालियन कानाला ते लागतंच. 'त्स' दिसेल तिथे आपल्या 'चमचा'तला च, आणि नुसता 'च' दिसेल तिथे 'चहा'तला.

१. कोंज्युन्तीवो हा काळ आहे का? भूत, वर्तमान, भविष्य यांत तो कुठे बसतो?

काळ नव्हे. शाळेच्या व्याकरणात आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे क्रियापदाचे 'अर्थ' शिकलो होतो, आठवतं? कोंज्युन्तीवो त्या पंगतीतला. इटालियन स्वार्थाला 'इन्दिकातीवो' म्हणतात. जे आहे ते आहे म्हणून सांगायचं, की इन्दिकातीवो: 'मारीया पार्ला', मारिया बोलते. तीच गोष्ट कुणाच्या इच्छेतून, भीतीतून, शंकेतून किंवा मतातून सांगायची, की कोंज्युन्तीवो: 'वोल्यो के मारीया पार्ली', मारियानं बोलावं अशी माझी इच्छा आहे. ('के' म्हणजे आपला 'की'.)

या अर्थाचे स्वतःचे चार काळ आहेत: प्रेझेन्ते, पास्सातो, इम्पेर्फेत्तो आणि त्रापास्सातो. या पानावर फक्त पहिला आहे. त्याला वेगळा भविष्यकाळ नाही, त्यामुळे उद्याचं कामही प्रेझेन्तेच करतो: 'पेन्सो के दोमानी प्योवा', उद्या पाऊस पडेल असं वाटतं.

२. मराठीत याच्या जवळचं काही आहे का? माझ्या पुस्तकात सगळं इंग्रजीतून समजावलंय आणि डोक्यात शिरत नाही.

आहे, आणि भरपूर आहे. इंग्रजीत हा प्रकार जवळजवळ झिजून गेलाय, म्हणून इंग्रजीच्या वाटेनं गेलं की तो परका वाटतो. मराठीतून सरळ जा. आपल्याकडे तीन दारं आहेत.

पहिलं '-आवं'चं. 'तू यावंस असं मला वाटतं', 'त्यानं अभ्यास करावा', 'आपण निघावं हे बरं'. इच्छा, गरज, सल्ला, सगळं यात येतं. 'बिझोन्या के तू वेंगा', तू यायला हवंस. इटालियनमध्ये 'तू येतोस' हे 'तू व्येनी', पण इथे 'व्येनी' चालत नाही, 'वेंगा'च लागतं. मराठीतही 'तू येतोस हवंय' असं कोणी म्हणत नाही.

दुसरं दार '-ओ'चं. 'देव तुझं भलं करो', 'काहीही होवो', 'कोणीही येवो', 'पाऊस पडो की न पडो', 'असो'. ही रूपं आपण रोज वापरतो आणि त्यांना व्याकरण म्हणून ओळखत नाही. 'काहीही होवो, मी जाणार' याला इटालियन म्हणतो, 'क्वालुन्क्वे कोसा सुच्चेदा, यो वादो'. 'पाऊस पडो की न पडो' म्हणजे 'के प्योवा ओ नोन प्योवा'. वसईच्या चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना म्हणणाऱ्यांना 'तुझे राज्य येवो' पाठ असतं. इटालियन प्रार्थनेत त्या जागी 'वेंगा इल तुओ रेन्यो' आहे. 'येवो' आणि 'वेंगा' एकमेकांवर नेमके बसतात. शेवटी आमेनच्या जागी जुनी माणसं 'कोसी सीआ' म्हणतात, म्हणजे 'असेच असो'.

तिसरं दार 'असेल' आणि 'असावा'चं. 'तो घरी असावा' म्हणताना आपण खात्री देत नाही. हे दार प्रश्न ७ मध्ये फार उपयोगी पडेल.

३. रूपं पाठ करायला सोपी युक्ती आहे का?

'मी'चं रूप घ्या. इन्दिकातीवोमधलं, रोजचं. त्याचा शेवटचा 'ओ' काढा. क्रियापदाचं मूळ रूप '-आरे'नं संपत असेल तर 'ई' लावा, '-एरे' किंवा '-ईरे'नं संपत असेल तर 'आ' लावा.

पार्लो, पार्ली. प्रेन्दो, प्रेन्दा. दोर्मो, दोर्मा. आणि मजा अशी की बरीचशी 'अनियमित' क्रियापदंही यातच बसतात: फाच्चो, फाच्चा. दीको, दीका. वेंगो, वेंगा. एस्को, एस्का. बेवो, बेवा. कापीस्को, कापीस्का. पोस्सो, पोस्सा. वोल्यो, वोल्या. वादोचं वादा होतं, कारण 'आन्दारे' (आणि फाच्चाचं मूळ रूप 'फारे'ही) '-आरे'चं असूनही इथे 'आ' घेतं, तेवढं लक्षात ठेवा.

यो (मी), तू आणि लूई/लेई (तो/ती), तिघांना हेच एक रूप. 'लोरो'ला (ते) त्याच रूपापुढे 'नो': पार्लिनो, प्रेन्दानो, फाच्चानो, वादानो. 'नोई'चं (आम्ही) रूप इन्दिकातीवोसारखंच, काही बदल नाही: पार्ल्यामो, आन्द्यामो, फाच्चामो. त्यातला 'मो' काढून 'ते' लावलं की 'वोई' (तुम्ही): पार्ल्याते, आन्द्याते, फाच्चाते. ही शेवटची जोडी एकाही क्रियापदात मोडत नाही.

४. मग या युक्तीत न बसणारी कोणती?

पाच. एस्सेरे (असणे), आवेरे (जवळ असणे), स्तारे (राहणे), दारे (देणे), सापेरे (माहीत असणे). त्यांची एकवचनी रूपं अनुक्रमे सीआ, आब्ब्या, स्तीआ, दीआ, साप्प्या. लोरोला 'नो' लागतोच: सीआनो, आब्ब्यानो, साप्प्यानो. 'दोवेरे'चं (करावं लागणे) देब्बा होतं. युक्तीनं येणारं 'देवा' हे रूपही आहे, पण तुम्ही देब्बाच वापरा.

ही सहा रूपं इतक्या वेळा कानावर पडतात की महिनाभरात बसतात. आधी सीआ आणि आब्ब्या.

५. मी 'के लूई वादी' म्हणाले आणि सगळे हसले. काय चुकलं?

'-आरे'चा 'ई' तुम्ही चुकीच्या क्रियापदाला लावलात. हवं होतं 'वादा'. वादी, वेंगी, दीकी, फाच्ची ही चूक इटलीत इतकी प्रसिद्ध आहे की अशिक्षित पण ऐटबाज माणसाची नक्कल करायची असली की हमखास हीच रूपं तोंडी घालतात. म्हणून ते हसले. तुमच्यावर नाही, त्या ओळखीच्या रूपावर. पण ही एक चूक मात्र लवकर घालवा, कारण कोंज्युन्तीवो न वापरल्यापेक्षा असा वापरलेला जास्त खटकतो.

६. लिहिताना आणि उच्चारताना कुठे अडखळायला होतं?

लिहिण्यात दोन जागा. 'चेर्कारे', 'पागारे' यांत 'ई' आला तरी क आणि ग टिकवायचे असतात, म्हणून रोमन लिपीत मध्ये एच घालावा लागतो आणि उच्चार चेर्की, पागी असाच राहतो. उलट 'कोमिन्चारे', 'मान्जारे', 'स्तुद्यारे' यांत दोन 'आय' एकत्र येत नाहीत: कोमिन्ची, मान्जी, स्तूदी, एकाच 'आय'नं संपतात.

उच्चारात मात्र एक जागा खरी महत्त्वाची, ती म्हणजे लोरोच्या रूपातला जोर. एकवचनात जिथे जोर, तिथेच बहुवचनात. 'पार्ली'मध्ये 'पार'वर, म्हणून 'पार्लिनो'मध्येही 'पार'वर. याचं सगळ्यात छान उदाहरण 'तेलेफोनिनो'. जोर 'ले'वर दिला तर 'त्यांनी फोन करावा'. जोर 'नी'वर दिला तर 'मोबाइल', तेलेफोनीनो. अक्षरं तीच. 'वोल्यो के तेलेफोनिनो' म्हणताना जोर घसरला तर ऐकणारा तुमच्या हातात मोबाइल आणून द्यायचा.

७. 'मला वाटतं तो घरी आहे' यात शंका कुठली? मग 'पेन्सो के' नंतर कोंज्युन्तीवो का?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो आणि मला तो फार आवडतो, कारण मराठी माणूस नेमका इथेच चुकतो. इच्छा आणि गरज आपल्याला मराठीतून आयती मिळते. '-आवं' आठवलं की काम झालं. पण मत सांगताना आपण 'मला वाटतं' म्हणून पुढे बिनदिक्कत 'आहे' जोडतो. मग इटालियनमध्येही 'पेन्सो के ए आ कासा' निघतं. हवं ते 'पेन्सो के सीआ आ कासा'.

इटालियनची भूमिका अशी: तुम्ही 'पेन्सो', 'क्रेदो', 'मी सेम्ब्रा', 'पारे' म्हणालात, म्हणजे पुढची गोष्ट जगातली नाही, तुमच्या डोक्यातली झाली. तुम्ही शंभर टक्के खात्रीनं म्हणत असलात तरी. म्हणून शंका शोधत बसू नका, आधीचा शब्द ऐका.

मी वर्गात एक सवय लावते. 'मला वाटतं' आलं की मनातल्या मनात पुढचं 'आहे' बदलून 'असावा' करायचं. 'मला वाटतं तो घरी असावा.' 'मला वाटतं तिला माहीत असावं.' ऐकायला थोडं जुन्या वळणाचं वाटेल, पण 'असावा' तोंडात आला की 'सीआ' मागोमाग येतो. पंधरा दिवस करून पाहा.

आणि ज्यांना घाईत बोलायचंय त्यांच्यासाठी एक रास्त आडवाट: 'सेकोन्दो मे', माझ्या मते. त्याच्यापुढे इन्दिकातीवो लागतो. 'सेकोन्दो मे ए आ कासा.' पूर्ण बरोबर.

८. 'मला जायचंय' यालाही कोंज्युन्तीवो का नाही? इच्छाच तर आहे.

कर्ता एकच आहे म्हणून. मराठीतही बघा, स्वतःसाठी 'मला जायचंय' आणि दुसऱ्यासाठी 'तू जावंस असं मला वाटतं'. 'मी जावंसं इच्छितो' असं घरात कोणी बोलत नाही. इटालियनची विभागणी अगदी हीच: 'वोल्यो आन्दारे', पण 'वोल्यो के तू वादा'. मताच्या क्रियापदांत मध्ये 'दी' येतो: 'पेन्सो दी आन्दारे', जावं म्हणतोय. 'स्पेरो दी वेनीरे', यायला जमेल अशी आशा आहे. दोन्ही ठिकाणी माणूस एकच असेल तर 'के' टाळा आणि मूळ क्रियापद ठेवा.

९. कोणत्या शब्दांनंतर कोंज्युन्तीवो मुळीच येत नाही?

माहिती आणि खात्री: 'सो के' (मला माहीत आहे की), 'ए वेरो के' (हे खरं की), 'सोनो सिकूरो के' (माझी खात्री आहे की), 'दीको के' (मी म्हणते की). पण यांतल्या काहींना 'नोन' (नाही) लागला की पारडं फिरतं: 'नोन सोनो सिकूरो के सीआ वेरो', 'नोन दीको के सीआ फाचिले'.

फसवणारे तीन शब्द वेगळे सांगते. 'फोर्से', कदाचित. इतकी उघड शंका, तरी इन्दिकातीवो: 'फोर्से ए आ कासा'. 'आन्के से', जरी: 'आन्के से प्योवे, एस्को'. याच अर्थाचे 'बेन्के' आणि 'सेब्बेने' मात्र कोंज्युन्तीवो मागतात: 'सेब्बेने प्योवा, एस्को'. आणि तिसरा 'दोपो के', नंतर. घडून गेलेलं असतं, म्हणून इन्दिकातीवो. त्याचा भाऊ 'प्रीमा के', आधी, अजून घडलेलं नसतं, म्हणून कोंज्युन्तीवो: 'प्रीमा के सीआ तार्दी', उशीर व्हायच्या आत.

१०. कोंज्युन्तीवो मागणारी उभयान्वयी अव्ययं कोणती?

रोजच्या वापरातली: प्रीमा के (आधी), सेन्त्सा के (शिवाय), पुर्के (अट एवढीच की), आ मेनो के नोन (तसं झालं नाही तर), आफ्फिन्के (यासाठी की), बेन्के, सेब्बेने, नोनोस्तान्ते (जरी).

'पेर्के' दुतोंडी आहे. 'कारण' या अर्थी इन्दिकातीवो, 'म्हणून, यासाठी की' या अर्थी कोंज्युन्तीवो. 'लो दीको पेर्के लो साई': तुला माहीत आहे म्हणून सांगतेय. 'लो दीको पेर्के तू लो साप्प्या': तुला माहीत असावं म्हणून सांगतेय. मराठीत दोन्हीकडे 'म्हणून' आहे आणि फरक 'आहे' अन् 'असावं' यांनी पडतो. इटालियनमध्येही तसाच.

११. इटलीत राहणारा माझा मित्र म्हणतो, तिथले लोकच हल्ली कोंज्युन्तीवो वापरत नाहीत. मग आम्ही कशाला घाम गाळायचा?

अर्धं खरं आहे. बोलताना 'पेन्सो के' किंवा 'क्रेदो के' नंतर इन्दिकातीवो सर्रास ऐकू येतो आणि कोणी अडवत नाही. पण 'वोल्यो के', 'प्रीमा के', 'सेब्बेने' यांच्यानंतर कोंज्युन्तीवो टिकून आहे. 'वोल्यो के तू व्येनी' बाजारातसुद्धा कानाला बोचतं. लेखनात, नोकरीच्या अर्जात, विद्यापीठात तर सगळीकडेच हवा. १५८३ पासून फ्लोरेन्सला असलेली आकादेम्या देल्ला क्रुस्का ही भाषासंस्था लोकांच्या शंकांना उत्तरं देते, आणि हा विषय तिथे पुन्हा पुन्हा निघतो. ज्याची कोणाला पडलेली नाही अशा गोष्टीवर लोक इतका वाद घालत नाहीत.

परीक्षेचं म्हणाल तर बहुतेक अभ्यासक्रमांत बी१ला ओळख आणि बी२ला पक्का वापर अशी विभागणी असते (बी१, बी२ या युरोपीय भाषा-परीक्षांच्या मधल्या पातळ्या). इटालियन नागरिकत्वासाठी २०१८ च्या अखेरीपासून बी१ लागतं, म्हणून तिकडे स्थायिक झालेले अनेकजण आता याच वळणावर आलेत. माझं मत विचाराल तर आधी सगळीकडे नीट वापरायला शिका. कुठे सोडायचा हे पुढे कान सांगेल.

१२. दुकानात 'मी दीका' ऐकलं. 'दीका' तर कोंज्युन्तीवो. यात 'के' कुठे आहे?

'के' नाही, कारण हा आदरार्थी आज्ञार्थ आहे. 'लेई' म्हणून अहोजाहो करताना इटालियनला स्वतःचा आज्ञार्थ नाही, तो कोंज्युन्तीवो उसना घेतो. आणि इथे मराठी माणसाचा ऊर भरून यावा, कारण आपणही हेच करतो! 'बस' हे तू-साठी, 'बसा' तुम्ही-साठी, आणि पाहुण्यांना फार मान द्यायचा तर 'बसावं', 'आत यावं'. 'बसावं' म्हणजे 'सी आक्कोमोदी'.

तोरीनोला पोर्ता पालात्सोच्या बाजारात मी हे शिकले. फळवाला मान वर न करता म्हणायचा, 'मी दीका, सिन्योरा', बोला बाई. माझ्या पुढच्या आजी पिशवी सावरत म्हणाल्या, 'मी दीआ उन मेलोने, मा के सीआ दोल्चे.' एक खरबूज द्या, पण गोड असावं. सात-आठ शब्दांत दोन कोंज्युन्तीवो, एक आदराचा, एक इच्छेचा. त्यानं तीन खरबुजं हातात घेऊन देठाशी हुंगली आणि चौथं दिलं. मी घरी येईपर्यंत ते वाक्य पुटपुटत होते.

म्हणून माझे विद्यार्थी पहिल्या महिन्यातच स्कूसी (माफ करा), सेन्ता (ऐका), आस्पेत्ती (थांबा), मी दीका, नोन सी प्रेओक्कूपी (काळजी करू नका) शिकतात. एक लक्षात ठेवा: आदरार्थी रूपात 'मी' (इटालियन 'मी' म्हणजे मला), 'सी' आधी येतात. तू-साठी मात्र चिकटून मागे: 'दाम्मी', मला दे.

१३. तिघांना एकच रूप, मग कोण बोलतंय ते कसं कळायचं?

गोंधळ व्हायची शक्यता असेल तर सर्वनाम लावा. 'तू' तर जवळजवळ नेहमी लावतात: 'क्रेदोनो के तू सीआ मालातो', तू आजारी आहेस असं त्यांना वाटतं.

१४. 'चेर्को उना कासा के...' पुढे 'आ' की 'आब्ब्या'?

घर अजून मिळालं नसेल तर 'आब्ब्या': 'चेर्को उना कासा के आब्ब्या इल बाल्कोने', बाल्कनी असेल असं घर शोधतेय. मिळालं की 'आ': 'ओ उना कासा के आ इल बाल्कोने', माझ्या घराला बाल्कनी आहे. मराठीतही 'असेल असं' आणि 'आहे असं' यांत हाच फरक.

तो किती खरा आहे हे मला एका सरकारी खिडकीवर कळलं. इंग्रजी बोलणारा कोणीतरी हवा होता, आणि मी म्हणाले, 'चेर्को उन इम्प्येगातो के पार्ला इंग्लेझे'. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'कोमे सी क्यामा?' त्याचं नाव काय? 'पार्ला' म्हटल्यामुळे मी एका ठरावीक माणसाला शोधतेय असं त्यांना वाटलं. 'पार्ली' म्हटलं असतं तर 'असा कोणीही' झाला असता.

'सर्वांत' आणि 'एकमेव' यांच्यानंतरही हेच रूप येतं: 'ए लूनिका पेर्सोना क्वी के साप्प्या इल माराती', इथे मराठी येणारी ती एकटीच.

१५. 'स्पेरो के' नंतर भविष्यकाळ ऐकला. चूक का?

चूक नाही. 'स्पेरो के वेंगा' आणि 'स्पेरो के वेर्रा' दोन्ही चालतात. 'वोल्यो के' नंतर मात्र ही सवलत नाही.

१६. 'वोर्रेई के तू वेंगा' का चालत नाही?

कारण 'वोर्रेई', म्हणजे नम्रपणे 'मला आवडेल', पुढच्या क्रियापदाला इम्पेर्फेत्तोत ओढतो: 'वोर्रेई के तू वेनीस्सी'. मराठीत जसं 'तू आला असतास तर बरं झालं असतं' म्हणताना आपण संकेतार्थात शिरतो, तसं. 'कोमे से', जणू काही, हाही नेहमी इम्पेर्फेत्तो किंवा त्रापास्सातो मागतो. ते प्रकरण मोठं आहे, प्रेझेन्ते पक्का झाल्यावर घ्या.

१७. 'यायचं नाही असं नाही, पण जमत नाही'. हे इटालियनमध्ये?

'नोन ए के नोन वोल्या वेनीरे, ए के नोन पोस्सो.' पहिल्या भागात आपण एक कल्पना नाकारतोय, म्हणून 'वोल्या'. दुसऱ्यात खरं कारण सांगतोय, म्हणून साधा 'पोस्सो'. बोलण्यात हे वाक्य सोन्यासारखं आहे, तसंच्या तसं पाठ करा.

१८. 'सो के' नंतर इन्दिकातीवो, असं प्रश्न ९ मध्ये म्हणालात. मग 'के मार्को सीआ ब्रावो, लो सान्नो तूत्ती' यात 'सीआ' कुठून आला?

इथे 'के'चं वाक्य उचलून पुढे आणलंय. सरळ क्रमात 'तूत्ती सान्नो के मार्को ए ब्रावो', मार्को हुशार आहे हे सगळ्यांना माहीत आहे. उलटा क्रम केला की बोलणारा आधी मुद्दा नुसता मांडतो आणि तो खरा की खोटा हे मागून सांगतो. तोवर तो अधांतरी असतो, म्हणून कोंज्युन्तीवो, मग मागून कितीही पक्की खात्री येवो. 'के फाच्चा काल्दो, ए वेरो': उकडतंय म्हणाल, तर ते खरंच आहे.